संग्रहालयातील अमानत आणि संगणकातील प्रत

२ सप्टेंबर २०१८ चा रविवार. ब्राझीलमधील रिओ दि जानेरो शहरातील राष्ट्रीय संग्रहालय दिवसभराची गर्दी ओसरून बंद झाले होते. एकेकाळचा राजवाडा असलेल्या या इमारतीतील संग्रहालयाला त्याच वर्षी २०० वर्षे पूर्ण झाली होती. संध्याकाळी आतून धूर निघू लागला. अग्निशामक दल आले, पण जवळच्या नळांना पुरेसे पाणीच नव्हते. रात्रभर इमारत जळत राहिली आणि लोक रस्त्यावर उभे राहून रडत होते. संग्रहात सुमारे २ कोटी वस्तू व नमुने होते. त्यातील बहुतांश एका रात्रीत गेले. सभागृहातील वातानुकूलन यंत्रापासून आग सुरू झाली, असे पुढे पोलीस तपासात आढळले.

या आगीत इजिप्तच्या ममी जळाल्या, फुलपाखरांचे संग्रह जळाले. सर्वांत मोठा घाव मात्र ब्राझीलच्या आदिवासी समाजांवर बसला. त्यांची पिसांची शिरोभूषणे, मुखवटे, मातीची भांडी आणि शस्त्रे तिथे होती. ज्या भाषा आता कुणीच बोलत नाही, अशा भाषांतील गाणी आणि संभाषणांची ध्वनिमुद्रणेही तिथेच होती. कर्ट निमुएन्दाजू या अभ्यासकाने आयुष्यभर आदिवासींमध्ये राहून लिहिलेल्या नोंदी तिथे ठेवलेल्या होत्या. यातल्या कितीतरी गोष्टींची दुसरी प्रत जगात कुठेच नव्हती. ममी दुसऱ्या देशात पाहायला मिळतील. पण ज्या भाषेचा शेवटचा बोलणारा कधीच मातीआड गेला, तिचा आवाज कुठून आणणार?

आगीनंतर शहरातील विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी लोकांना साद घातली. ज्यांनी कधी या संग्रहालयाला भेट दिली असेल, त्यांनी आपल्या मोबाइलमधील फोटो आणि व्हिडिओ पाठवावेत. हजारो छायाचित्रे जमा झाली. सहलीला आलेल्या कुटुंबांनी सहज काढलेले फोटो एका देशाच्या वारशाचा पुरावा ठरले. सुमारे ११,५०० वर्षांपूर्वीच्या 'लुझिया' नावाच्या स्त्रीच्या कवटीचे तुकडे राखेत सापडले. तिचे स्कॅन आधीच झालेले असल्यामुळे तिचा आकार तरी सुरक्षित होता. ज्याची प्रत होती त्याचे काहीतरी उरले. ज्याची नव्हती, ते कायमचे गेले.

या घटनेने जगभरच्या संग्रहालयांना खडबडून जागे केले. वस्तूंच्या संगणकीय प्रती काढण्याचे काम सगळीकडे वेगाने सुरू झाले. ते आवश्यकच आहे. मात्र या कामातून एक प्रश्न उभा राहतो आणि तो यंत्राने सुटत नाही. ज्या समाजाची वस्तू आहे, त्याला त्या प्रतीवर काय हक्क? प्रत कुणी पाहायची, कुणी वापरायची आणि कुणी विकायची, हे कोण ठरवणार?

प्रत निघते कशी?

आधी तंत्र थोडक्यात समजून घेऊ. सर्वांत सोपी पद्धत छायाचित्रांची. वस्तू मध्यभागी ठेवून चहूबाजूंनी, वरून-खालून शेकडो फोटो काढतात. संगणक ते फोटो एकमेकांशी जुळवून वस्तूची त्रिमिती आकृती तयार करतो. पडद्यावर ती आकृती हवी तशी फिरवून पाहता येते. दुसरी पद्धत लेझर किरणांची. किरण वस्तूच्या पृष्ठभागावरून फिरतो आणि प्रत्येक खाचखळग्याचे मोजमाप नोंदवतो. तिसरी पद्धत आपल्या ओळखीची आहे. दवाखान्यात रुग्णाचे सीटी स्कॅन करतात तसेच मुखवट्याचे किंवा मूर्तीचे केले, तर लाकूड आतून किती पोखरले आहे, सांधा कुठे आहे, खिळा कुठे आहे, हे वस्तूला धक्का न लावता कळते.

आवाजाचीही अशीच गोष्ट आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आवाज मेणाच्या नळकांड्यांवर कोरला जात असे. सुई फिरवून तो ऐकता येई, पण प्रत्येक वेळी मेण थोडे झिजत असे. म्हणजे ऐकणे हेच नष्ट करणे होते. अमेरिकेत भौतिकशास्त्रज्ञांनी यावर उपाय शोधला. सुई न लावता केवळ प्रकाशाने त्या खाचांचे सूक्ष्म मोजमाप घ्यायचे आणि संगणकाने त्यावरून आवाज तयार करायचा. तडे गेलेली नळकांडीही यामुळे बोलू लागली. कॅलिफोर्नियातील आदिवासी भाषांच्या सुमारे २,७०० नळकांड्यांवर बर्कली येथील विद्यापीठाने या पद्धतीने काम केले आहे.

हे सारे थक्क करणारे आहे. पण तंत्र ज्याच्या हाती, त्याच्या नीयतीप्रमाणे त्याचे फळ मिळते. पुढील उदाहरणांवरून ते लक्षात येईल.

अँगूनची टोपी

अमेरिकेच्या अलास्का प्रांतात समुद्रकाठी अँगून नावाचे छोटे गाव आहे. तिथे त्लिंगिट आदिवासी राहतात. ऑक्टोबर १८८२ मध्ये अमेरिकन नौदलाने या गावावर तोफा डागल्या. एका व्यापारी कंपनीच्या बोटीवर स्फोट होऊन गावातील एक मान्यवर मृत्युमुखी पडले होते. लोकांनी आपल्या रिवाजाप्रमाणे त्याची भरपाई २०० ब्लँकेटच्या रूपात मागितली. त्याचे उत्तर तोफगोळ्यांनी मिळाले. घरे जाळली गेली, होड्या फोडल्या गेल्या, हिवाळ्यासाठी साठवलेले अन्न नष्ट झाले. ६ मुले दगावली आणि त्या हिवाळ्यात उपासमारीने आणखी माणसे गेली. नौदलाने या कृत्याची औपचारिक माफी मागितली ती २६ ऑक्टोबर २०२४ रोजी, म्हणजे तब्बल १४२ वर्षांनी.

अशा गावातील एका कुळाची एक लाकडी टोपी आहे. ती ऑर्का या देवमाशाच्या आकाराची आहे. कुळाचे मोठे कार्य असेल तेव्हाच ती डोक्यावर चढते. त्लिंगिट रिवाजानुसार अशी वस्तू एका माणसाच्या मालकीची नसते. पूर्वज, आजची पिढी आणि पुढची पिढी या सर्वांची ती मिळून असते. म्हणून ती विकण्याचा अधिकार कुणा एकाला नाही. तरीही १९०४ मध्ये एका अभ्यासकामार्फत ती वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात पोहोचली. तिथे शंभर वर्षे ती पडून होती. पुढे आदिवासींच्या पवित्र वस्तू परत करण्याचा कायदा झाला आणि २००५ मध्ये टोपी आपल्या कुळात परतली.

गोष्ट इथे संपली असती. पण कुळाच्या संमतीने २०१० मध्ये त्या टोपीचे लेझर आणि सीटी स्कॅन झाले. त्या मोजमापांवरून संगणकाच्या साहाय्याने चालणाऱ्या यंत्राने आल्डर जातीच्या लाकडातून हुबेहूब तशीच टोपी कोरली. रंग, शिंपल्यांची नक्षी, कातडे, समुद्रसिंहाच्या मिशांचे केस, सारे मूळ टोपीप्रमाणे हाताने बसवले गेले. २०१२ मध्ये सिटका येथे त्लिंगिट लोकांचे संमेलन भरले, तेव्हा जुनी आणि नवी अशा दोन्ही टोप्या घालून कुळातील माणसे नाचली.

आता प्रश्न आला की नव्या टोपीचा दर्जा काय? याचे उत्तर संग्रहालयाने दिले नाही, कुळाने दिले. जुनी टोपी पवित्र आहे, ती कुळाकडेच राहील. नवी टोपी कुळाचा पोशाख म्हणून मान्य आहे, पण ती पवित्र नाही. ती संग्रहालयात राहावी, तिथे येणाऱ्या मुलांना आमची माहिती द्यावी आणि आम्हाला गरज पडली तर नृत्यासाठी ती आम्हाला मिळावी. ज्या लोकांनी एकदा सारे गाव जळताना पाहिले आहे, त्यांच्यासाठी टोपीचे मोजमाप सुरक्षित असणे हा मोठा दिलासा आहे. उद्या आग लागली, पूर आला, तरी ती पुन्हा घडवता येईल.

पुढे सिटकामधील दुसऱ्या एका कुळाने आणखी एक पाऊल टाकले. त्यांची माशाच्या आकाराची टोपी संग्रहालयात मोडक्या अवस्थेत होती. ती डोक्यावर चढवणे शक्यच नव्हते. तिचे स्कॅन करून, मोडलेले भाग संगणकावर जुळवून नवी टोपी बनवली गेली. २०१९ मध्ये जुनो शहरात कुळाने विधिवत कार्य करून नव्या टोपीलाच पवित्र मानले. पहिल्या कुळाने नव्या टोपीला पवित्र मानले नाही, दुसऱ्याने मानले. दोन्ही निर्णय बरोबर आहेत, कारण निर्णय घेणारे हक्कदार होते.

'हे विकण्यासाठी नाही'

अमेरिकेच्या अगदी पूर्वेकडील मेन प्रांतात पासामाक्वाडी नावाचे आदिवासी राहतात. मार्च १८९० मध्ये जेसी वॉल्टर फ्यूक्स नावाचे अभ्यासक एडिसनचे नवे यंत्र घेऊन त्यांच्याकडे गेले. काही दिवसांत त्यांनी मेणाच्या नळकांड्यांवर गाणी, कथा आणि शब्द उतरवून घेतले. एखाद्या समाजात जाऊन त्याचा आवाज यंत्रावर नोंदवण्याचा जगातील हा पहिला प्रयत्न मानला जातो. त्यापैकी ३१ नळकांडी आज शिल्लक आहेत.

ती आधी हार्वर्डच्या संग्रहालयात आणि नंतर अमेरिकेच्या संसदेच्या ग्रंथालयात गेली. पासामाक्वाडी लोकांच्या हाती मात्र जवळजवळ ९० वर्षे काहीच नव्हते. १९८० च्या दशकात त्यांना कॅसेटवर प्रती मिळाल्या, पण खरखर इतकी की शब्द समजत नसत. अलीकडच्या वर्षांत ग्रंथालयाने नव्या तंत्राने आवाज स्वच्छ केला आणि तो समाजाकडे परत दिला. मग समाजातील बुजुर्ग मंडळी कानाला यंत्र लावून बसली. एकेक ओळ पुन्हा-पुन्हा ऐकायची, शब्द ओळखायचे, लिहून काढायचे. जी गाणी कुणालाच येत नव्हती, ती पुन्हा गायली जाऊ लागली. आपल्या खापरपणजोबांच्या पिढीचा आवाज ऐकून ते शब्द लेकरांना शिकवायचे, याहून मोठे सुख कोणते?

या ठिकाणी एक नाजूक बाब होती. ज्याने ध्वनिमुद्रण केले त्याचा हक्क, असा जगाच्या कायद्याचा साधारण कल आहे. जो गायला त्याचा हक्क त्यात फारसा दिसत नाही. जुने झाले म्हणजे सर्वांसाठी खुले, असाही नियम आहे. म्हणजे पासामाक्वाडींचे पवित्र गीत कुणीही उचलून जाहिरातीत वापरावे आणि त्यांनी पाहत राहावे! यावर उपाय म्हणून जेन अँडरसन आणि किम्बर्ली क्रिस्टन या दोन संशोधक महिलांनी २०१० मध्ये एक उपक्रम सुरू केला. त्यात संगणकीय नोंदीवर समाजाच्या वतीने एक चिठ्ठी लावतात. ही चिठ्ठी पाहणाऱ्याला सांगते की ही वस्तू कुणाची आहे आणि ती कशी वापरावी अशी त्या लोकांची अपेक्षा आहे.

पासामाक्वाडी समाजाने या चिठ्ठ्या आपल्याच भाषेत लिहिल्या. अमेरिकी ग्रंथालयाच्या अधिकृत नोंदीत आज त्या झळकतात. त्यातील एका चिठ्ठीचा अर्थ आहे, 'हे विकण्यासाठी नाही'. कोणती ध्वनिमुद्रणे जगासाठी खुली करायची, तेही समाजाने ठरवले. या चिठ्ठ्यांना कायद्याचा धाक नाही हे खरे. तरी ज्याच्या नावाचा उल्लेखही नोंदीत नव्हता, त्याचा शब्द आता नोंदीच्या माथ्यावर आहे.

सगळे सगळ्यांसाठी नसते

इंटरनेटच्या जमान्यात एक समज रूढ झाला आहे की माहिती जितकी खुली तितकी चांगली. पुस्तके, शोधनिबंध, सरकारी कागद यांच्या बाबतीत ते बरोबर आहे. पण कौटुंबिक आणि धार्मिक गोष्टींचे काय? आपल्या घरातही काही फोटो सर्व पाहुण्यांसमोर ठेवण्याचे नसतात. काही पत्रे फक्त घरच्यांसाठी असतात. लग्नातील बायकांच्या मेळ्यातील गाणी पुरुषांच्या बैठकीत कुणी वाजवत नाही. ही चोरी-लपवाछपवी नव्हे, हा अदब आहे.

ऑस्ट्रेलियातील आदिवासी समाजांमध्ये हा अदब फार काटेकोर आहे. काही ज्ञान फक्त स्त्रियांचे, काही फक्त पुरुषांचे. काही ठिकाणांच्या कथा फक्त त्या कुटुंबाने सांगायच्या. माणूस वारला की त्याचा चेहरा आणि आवाज काही काळ समोर येऊ द्यायचा नाही, अशी अनेक समाजांत पद्धत आहे. आता विचार करा, एखाद्या संग्रहालयाने १०० वर्षांपूर्वीचे सारे फोटो एका दिवशी इंटरनेटवर टाकले तर त्या लोकांना काय वाटेल?

टेनंट क्रीक या गावातील वरुमुंगू समाजापुढे हा प्रश्न उभा राहिला. मिशनरी, शिक्षक आणि संग्रहालये यांच्याकडून त्यांचे जुने फोटो परत येऊ लागले होते, पण ते ठेवायचे कसे? किम्बर्ली क्रिस्टन यांनी समाजातील ज्येष्ठांसोबत बसून एक संगणक प्रणाली तयार करवून घेतली आणि २००७ मध्ये ती गावात सुरू झाली. तिचे नाव 'मुकुर्तू'. त्यांच्या भाषेत मुकुर्तू म्हणजे पवित्र वस्तू ठेवण्याची पिशवी. ती ज्येष्ठांजवळ असे. ज्याला ज्ञान हवे, त्याने अदबीने त्यांच्याकडे जावे आणि त्यांनी योग्य पाहून पिशवी उघडावी, अशी रीत होती.

संगणकातील मुकुर्तूही याच रीतीने चालते. पाहणारा कोण, कोणत्या कुटुंबाचा, स्त्री की पुरुष, यानुसार त्याला नोंदी दिसतात. कुणी वारले तर त्यांची छायाचित्रे पडद्याआड जातात. संग्रहालयाच्या नोंदीत 'अनोळखी स्त्री, सुमारे १९३०' असे लिहिले असेल, तर तिची नात तिथे लिहू शकते की ही माझी आजी आणि हे तिचे नाव. ही प्रणाली आज मोफत उपलब्ध असून अनेक देशांतील आदिवासी समाज ती वापरतात. पासामाक्वाडींनीही आपल्या संकेतस्थळासाठी तीच निवडली.

प्रत दिली म्हणजे हिशेब मिटला का?

आता दुसरी बाजू. काही संग्रहालये प्रतीचा उपयोग पळवाटेसारखा करू शकतात. 'तुम्हाला उत्तम त्रिमिती प्रत देतो, मूळ वस्तू आमच्याकडे राहू द्या' असे म्हणणे सोपे असते. पण कुणी आपल्या घराची कागदपत्रे नेली आणि दीडशे वर्षांनी झेरॉक्स आणून दिली, तर आपण समाधान मानू का?

ब्राझीलच्या तुपिनाम्बा लोकांची गोष्ट पाहा. गुआरा या पक्ष्याच्या लालभडक पिसांचा त्यांचा झगा १७ व्या शतकात युरोपात गेला. डेन्मार्कमधील नोंदीत तो १६८९ पासून दिसतो. असे मोजकेच झगे आज जगात शिल्लक आहेत आणि ते सारे युरोपात होते. २००० साली ब्राझीलमधील एका प्रदर्शनासाठी तो काही दिवस मायदेशी आला. तेव्हा तुपिनाम्बांच्या एका ज्येष्ठ महिलेने तो पाहिला आणि परत मागितला. त्या वेळी तो परत गेला. पुढे ग्लिसेरिया तुपिनाम्बा यांनी २००६ मध्ये डेन्मार्कमधील झग्याच्या छायाचित्रावरून आपल्या गावात नवा झगा विणला. विस्मरणात गेलेली कला एका फोटोच्या आधाराने परतली. प्रतीचा हा मोठा उपकार आहे. पण त्यामुळे मूळ झग्याची मागणी थांबली नाही. २०२३ मध्ये डेन्मार्कने तो देण्याचे जाहीर केले आणि जुलै २०२४ मध्ये तो रिओच्या त्याच संग्रहालयाकडे पोहोचला, जे सहा वर्षांपूर्वी जळाले होते. आनंदाच्या या क्षणीही तुपिनाम्बांची तक्रार होतीच, की झगा आला तेव्हा त्याचे स्वागत करायला आम्हाला बोलावले नाही.

असाच प्रश्न आपल्या देशातील नागा समाजाचाही आहे. इंग्लंडमधील ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयात हजारो नागा वस्तू आहेत. त्यातील बऱ्याचशा जे. एच. हटन आणि जे. पी. मिल्स या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी नेल्या. त्यात नागा पूर्वजांच्या कवट्या आणि हाडेही आहेत. २०२० मध्ये संग्रहालयाने मानवी अवशेष प्रदर्शनातून काढून घेतले. त्यानंतर नागा समाजातील मंडळी आणि संग्रहालय यांच्यात अवशेष परत आणण्याविषयी बोलणी सुरू झाली आणि जून २०२५ मध्ये नागांचे शिष्टमंडळ ऑक्सफर्डला जाऊन आले. दागिना किंवा शाल संगणकावर पाहून थोडे समाधान होईल. पण पूर्वजांच्या अस्थींची प्रत घेऊन कुणी काय करावे? मय्यतीला माती मिळावी, ही इच्छा कोणत्याही समाजातील माणसाला समजावून सांगावी लागत नाही.

संगणकही म्हातारा होतो

आणखी एका गैरसमजापासून सावध राहायला हवे. संगणकात गेले म्हणजे अमर झाले, असे नाही. १९८६ मध्ये ब्रिटनच्या बीबीसीने तेथील लोकजीवनाची प्रचंड माहिती लेझर डिस्कवर भरली. १०८६ मधील 'डूम्सडे' या प्रसिद्ध सरकारी नोंदवहीला ९०० वर्षे झाली, त्यानिमित्त हा उपक्रम होता. अवघ्या १५-१६ वर्षांत ती डिस्क वाचणारी यंत्रे दुर्मिळ झाली आणि तज्ज्ञांना ती माहिती वाचवण्यासाठी मोठी खटपट करावी लागली. ९०० वर्षांपूर्वीची चर्मपत्राची वही मात्र आजही उघडून वाचता येते. केंब्रिजमध्ये नागा समाजाची छायाचित्रे आणि चित्रफिती अशाच व्हिडिओ डिस्कवर घेतल्या होत्या. तीही पद्धत कालबाह्य झाली आणि सारा संग्रह पुन्हा नव्या रूपात आणावा लागला.

म्हणून प्रत काढणे हे एकदाच करून विसरायचे काम नाही. दर काही वर्षांनी ती नव्या साधनात हलवावी लागते, दोन-तीन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवावी लागते, त्यासाठी पैसा आणि माणसे लागतात. लहान आदिवासी समाजाने हा खर्च कुठून करावा? ज्या संस्थांनी वस्तू नेल्या, त्यांनीच तो उचलायला हवा.

आपल्याकडे काय?

भारतात या कामाची सुरुवात झाली आहे आणि त्यात महाराष्ट्राचा मोठा वाटा आहे. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने संग्रहालयांसाठी 'जतन' नावाची संगणक प्रणाली तयार केली. २०१४ पासून दिल्लीचे राष्ट्रीय संग्रहालय, कोलकात्याचे इंडियन म्युझियम, हैदराबादचे सालारजंग अशा केंद्र सरकारच्या संग्रहालयांतील वस्तूंच्या नोंदी तिच्याद्वारे लोकांसमोर येऊ लागल्या. घरबसल्या या वस्तू पाहता येतात, ही चांगलीच सोय आहे.

पुढचे पाऊल मात्र नोंदीच्या मजकुराचे आहे. एखाद्या आदिवासी वाद्याच्या नोंदीत लाकूड कोणते, लांबी किती, कोणत्या साली आले, एवढे असले की काम झाले असे कार्यालयाला वाटते. ते वाद्य कोण वाजवतो, कोणत्या प्रसंगी वाजवतो, त्याला स्वतःच्या भाषेत काय म्हणतात, हे त्या समाजातील माणसालाच माहीत. त्याला बोलावून, मान देऊन, त्याच्या नावासह ही माहिती नोंदवली तर ती नोंद खरी. आदिवासी भागातील शाळा-महाविद्यालयांतील तरुणांना हे काम देता येईल. स्कॅनिंग शिकायला फार वर्षे लागत नाहीत आणि आता चांगल्या मोबाइलवरही वस्तूची त्रिमिती आकृती तयार होते.

कुटुंब म्हणूनही आपण काही करू शकतो. सुटीत मुलांना घेऊन संग्रहालयात गेलो की काचेमागची वस्तू दाखवून तिच्याविषयी दोन प्रश्न त्यांना जरूर विचारायला लावावेत. ही कुणाची होती? आणि ती इथे कशी आली? पाटीवर उत्तर नसेल तर तेथील कर्मचाऱ्यांना विचारावे. अशा प्रश्नांनीच पाट्या बदलतात.

घरात दादी-नानींचे बोल, त्यांची लग्नगीते, जुने निकाहनामे, परदेशातून आलेली पत्रे असतील, तर त्यांचीही प्रत काढून ठेवावी. आवाज नोंदवताना बोलणाऱ्याचे नाव, गाव, तारीख सुरुवातीलाच बोलून घ्यावी, नाहीतर २० वर्षांनी हा आवाज कुणाचा, हे कुणालाच सांगता येणार नाही. फोटोच्या मागे लिहितो तसे फाइलला नाव द्यावे. एक प्रत घरात आणि एक दुसऱ्या गावातील नातेवाइकाकडे ठेवावी. आणि बुजुर्गांना आधी विचारावे की, 'हे फक्त घरच्यांनी ऐकायचे की सर्वांना ऐकवले तर चालेल?' त्यांनी 'फक्त घरच्यांनी' म्हटले, तर ते व्हॉट्सॲपच्या गटात टाकू नये.

अमानत या शब्दाचा अर्थ आपल्याला लहानपणापासून शिकवला जातो. दुसऱ्याची वस्तू जपायची, तिच्यात आपली मर्जी मिसळायची नाही आणि मागितली की परत करायची. अँगूनच्या टोपीच्या बाबतीत हे तिन्ही झाले, म्हणून तिथे यंत्र, संग्रहालय आणि आदिवासी समाज एकमेकांच्या कामी आले. जगातील मोठमोठ्या संग्रहालयांमध्ये अशा लाखो वस्तू अजून पेट्यांमध्ये बंद आहेत. त्यांचे स्कॅन होतीलच. त्या स्कॅनसोबत त्यांच्या हक्कदारांना निरोप जातो की नाही, यावर या साऱ्या मेहनतीचे मोल ठरेल.